नोकरी आधी, व्हिसा नंतर, आणि माहिती फुकट

बडोद्यात परदेशी नोकरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, सध्या कुठला देश चालू आहे? म्हणजे कुठल्या देशाचा वर्क व्हिसा पटकन होतोय. दांडिया बाजारात, कारेलीबागेत, मकरपुऱ्याच्या कंपनीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच, आणि उत्तरं पण तयार असतात, आधी यूके चालू होतं, मग कॅनडा, आता कोणी पोलंड म्हणतं कोणी जर्मनी, आणि ज्याला विचाराल त्याच्याकडे एका एजंटचा नंबर असतोच. मला मनापासून वाटतं की हा प्रश्नच उलटा आहे, आणि आपल्या मुलांचे लाखो रुपये बुडतात ते या उलट्या प्रश्नामुळे.

कारण बहुतेक देश नोकरी नसलेल्या माणसाला वर्क व्हिसा देतच नाहीत. तिथल्या मालकाला माणूस हवा असतो, तो मालक त्याच्या सरकारकडे परवानगी मागतो, ती मिळाली की तुमच्या पासपोर्टवर व्हिसा लागतो. म्हणजे सुरुवात मालकापासून होते, आपल्या फाईलपासून नाही. काही देशांत याला अपवाद आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहितोय, पण नियम हा. आणि आपल्याकडे काय होतं, आधी एजंटकडे फाईल टाकायची, अ‍ॅडव्हान्स भरायचा, मग तो म्हणणार "नोकरीचं आम्ही बघतो ना, तुम्ही टेन्शन घेऊ नका". ज्या माणसाला तुमचं काम येतं की नाही हे पण माहीत नाही तो तुमच्यासाठी नोकरी बघणार, ती कसली नोकरी असेल?

यूकेचंच घ्या. तिथला स्किल्ड वर्कर व्हिसा हवा असेल तर मालकाकडे होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं, स्पॉन्सर लायसन्स असावं लागतं, तो तुमच्या नावाने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढतो ज्याला सगळे सीओएस म्हणतात, आणि त्या सीओएसच्या नंबरवर तुम्ही अर्ज करता. लायसन्स असलेल्या सगळ्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर आहे, फुकट, कोणीही उघडून बघावी, आणि ती सारखी अपडेट होत असते. ही यादी असते हेच आपल्याकडे लाखो रुपये भरलेल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं, आणि मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण कंपनीचं नाव टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. नाव नसेल तर विषय संपला. नाव असेल तरी पुढचं बघायचं, की पगार किती लिहिलाय, कारण एप्रिल २०२४ पर्यंत त्या व्हिसाची किमान पगाराची साधारण अट २६,२०० पौंड होती, ती ३८,७०० झाली आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७००, वर काम पदवीच्या लेव्हलचं असावं लागतं, काही सवलती आहेत पण त्या ठराविक कामांना. म्हणजे आज कोणी तुम्हाला सांगत असेल की लंडनला वेअरहाऊसमध्ये पॅकिंगचं काम आहे, वर्क व्हिसा करून देतो, तर तुम्हाला काही शोधाशोध करायची गरजच नाही, तो खोटं बोलतोय.

केअर वर्करचं तर डोळ्यासमोर घडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये यूकेने वृद्धांची काळजी घेणारे केअर वर्कर बाहेरून घ्यायला परवानगी दिली, आणि गुजरातमधून, केरळमधून, पंजाबमधून लोक निघाले, नर्सिंग शिकलेल्या मुली गेल्या, आणि ज्यांनी आयुष्यात कोणा म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घातली नव्हती असे पण गेले, कारण देश चालू होता ना! कितीतरी जणांनी सीओएससाठी पैसे मोजले, जो मालकाने विकायचाच नसतो. तिथे पोचल्यावर काहींना आठवड्याला सांगितले त्याच्या अर्धे तास पण काम मिळेना, काही मालकांची लायसन्सं सरकारने रद्द केली. मार्च २०२४ मध्ये केअर वर्करना नवरा-बायको-मुलं नेणं बंद झालं आणि २२ जुलै २०२५ ला बाहेरून नवीन केअर वर्कर घेणंच बंद. साडेतीन वर्षांत दार उघडलं आणि बंद झालं, आणि त्या साडेतीन वर्षांत घरं गहाण पडली.

यातून जे शिकायला हवं ते माझ्या मते असं की व्हिसा निवडताना देश बघायच्या आधी एक गोष्ट बघायची, हा व्हिसा कोणाच्या हातात आहे. माझ्या, की मालकाच्या? मालकाने उद्या काढून टाकलं तर माझ्याकडे किती दिवस आहेत? यूकेत मालकाचं लायसन्स गेलं किंवा नोकरी गेली तर साधारण ६० दिवस मिळतात नवीन स्पॉन्सर शोधायला. अमेरिकेच्या एच-१बी या वर्क व्हिसावर पण जास्तीत जास्त ६०. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून हे १८० दिवस केलेत, आणि एवढ्या एका फरकाने माणसाचं आयुष्य बदलतं, ६० दिवसांत परक्या देशात घरभाडं भरत भरत नोकरी शोधणं आणि १८० दिवसांत शोधणं, यात कोणी रात्री झोपू शकतो आणि कोणी नाही एवढा फरक आहे. कॅनडात बाहेरचा माणूस घ्यायला मालकाला सरकारची मंजुरी लागते, तिला एलएमआयए म्हणतात, आणि बहुतेक एलएमआयएवाले परमिट एकाच मालकाच्या नावाचे असतात, दुसरीकडे काम करायचं तर नवीन परमिट. एजंटच्या ऑफिसात भिंतीवर झेंडे असतात, पगाराचे आकडे असतात, हे दिवस कुठेही लिहिलेले नसतात. विचारलं तर म्हणतात "असं काही होत नाही हो". होतं. आणि ज्याला काढून टाकायची भीती असते तो ओव्हरटाइमचे पैसे मागत नाही, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला तरी गप्प बसतो, म्हणून ही कागदाची बारीकशी अट वाटते तशी बारीक नाहीये.

अमेरिकेबद्दल थोडक्यात, कारण तिथे शोधण्यासारखं आपल्या हातात कमी आहे. एच-१बी वर्षाला ६५ हजार अधिक तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार, अर्ज कंपनीच करते, माणूस स्वतः करूच शकत नाही, आणि मागणी जास्त म्हणून निवड होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नवीन अर्जावर एक लाख डॉलर लावले गेले. त्यामुळे कोणी बडोद्यात बसून "एच-१बी ची फाईल लावतो" म्हणत असेल तर उठून यावं. मात्र एक रस्ता आपल्या शहराला खास लागू पडतो, तो म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदली. बडोद्याच्या आसपास, हालोल-सावली-मकरपुरा धरून, परदेशी कंपन्यांचे कारखाने आणि इंजिनिअरिंगची ऑफिसं आहेत. अशा कंपनीत सलग एक वर्ष मॅनेजर म्हणून किंवा खास माहितगार म्हणून काम केलेल्या माणसाला ती कंपनी एल-१ नावाच्या बदलीच्या व्हिसावर तिच्या अमेरिकेतल्या ऑफिसात नेऊ शकते. यात कमिशन खाणारा कोणी नाही, म्हणून हा रस्ता कोणी जाहिरातीत सांगत नाही.

आता पैशाकडे येतो, कारण खरा मुद्दा हाच आहे.

नोकरी मिळवण्यासाठी नोकरी करणाऱ्याने पैसे मोजायचे, ही आपल्याकडे इतकी नॉर्मल गोष्ट झालीये की दहा लाख म्हटलं तरी कोणी दचकत नाही, उलट "दहात होत असेल तर स्वस्तात झालं" म्हणतात. पण ज्या देशांत जायचंय त्यांचे कायदे काय म्हणतात? ऑस्ट्रेलियात स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे देणं-घेणं डिसेंबर २०१५ पासून गुन्हा आहे. कॅनडात एलएमआयएची फी मालकाने भरायची, ती कामगाराकडून वसूल करायची नाही. यूकेत सीओएसचा खर्च मालकाचा, ३१ डिसेंबर २०२४ पासून तो कामगाराच्या डोक्यावर टाकलेला चालत नाही. अमेरिकेत एच-१बी च्या अर्जाचा आणि वकिलाचा खर्च कंपनीचा. व्हिसाची स्वतःची फी, मेडिकल, विमान, भाषेची परीक्षा, हे आपल्याला पडू शकतं, ते ठीक आहे. पण नोकरीची किंमत म्हणून जे मागितलं जातं ते तिथे बेकायदेशीर आहे, आणि तुम्ही ते दिलंत तर पुढे तक्रार करताना तुम्हीच अडकता, एजंटला हे नीट माहीत असतं म्हणून तर तो कॅश मागतो आणि पावतीवर "कन्सल्टन्सी" लिहितो.

आणि आपला देशी कायदा? १९८३ चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट आहे. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटने परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे रजिस्ट्रेशन करायचं, आणि त्याने माणसाकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी घ्यायचा, म्हणजे ३५,४००. बस्स. त्यावर एक रुपया नाही. ई-मायग्रेट नावाच्या सरकारी पोर्टलवर रजिस्टर्ड एजंटांची यादी आहे. मग दहा-पंधरा लाख कसे घेतात? असे घेतात की बोर्डावर "रिक्रूटिंग एजंट" लिहितच नाहीत, "व्हिसा कन्सल्टंट", "ओव्हरसीज सर्व्हिसेस" असं काहीतरी लिहितात, विचारलं तर आम्ही फक्त डॉक्युमेंटेशन करतो म्हणतात, आणि नोकरी तर आतल्या केबिनमध्ये विकतातच. या पळवाटेवर कोणी बोट ठेवत नाही. माझी पहिली मागणी हीच आहे की जो कोणी परदेशी नोकरीचं नाव घेऊन पैसे घेतो त्याने रजिस्ट्रेशन नंबर दारावर लावायचा, दुकानाचं नाव काहीही असो. पंजाबने २०१२ मध्ये ट्रॅव्हल एजंट आणि कन्सल्टंट लोकांना लायसन्स सक्तीचं करणारा कायदा केला, त्याने तिथली फसवणूक थांबली असं मी म्हणणार नाही, पण लायसन्स नसलेल्याला पकडायला पोलिसांच्या हातात कलम तरी आलं.

गल्फचं वेगळं लिहायला पाहिजे कारण बडोद्याचा कामगार तिकडेच जास्त जातो. कोयलीची रिफायनरी, पेट्रोकेमिकल, खतांचे कारखाने, नंदेसरी, यांच्यामुळे आपल्याकडे फिटर, वेल्डर, पायपिंगवाले, क्यूसीवाले, शटडाऊनच्या कामात मुरलेले लोक तयार होतात आणि त्यांना खरोखर मागणी असते, त्यांना फसवायची काही गरजच नसते, तरी फसवतात. कसं, तर व्हिजिट व्हिसावर पाठवून. "जा तिथे, पोचल्यावर कन्व्हर्ट होतो". कधी होतो पण, आणि म्हणूनच लोक विश्वास ठेवतात, पण नाही झाला तर तुम्ही टुरिस्ट म्हणून काम करताय, मालकाने पगार नाही दिला तर लेबर ऑफिसात तुमचं नावच नाही.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, त्याला १८ देशांत, म्हणजे गल्फचे सगळे, मलेशिया, थायलंड वगैरे, नोकरीला जायचं तर सरकारचं क्लिअरन्स लागतं, त्यात करार बघितला जातो, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो ज्याचा हप्ता दोन वर्षांना फक्त २७५ रुपये आहे. आपली आयटीआय झालेली पोरं दहावी पास, म्हणजे ईसीआर नाही, म्हणजे त्यांचा करार कोणी बघत नाही. नर्सना २०१५ पासून दहावी-बारावी काहीही असो या देशांसाठी क्लिअरन्स सक्तीचं केलं, मग फिटरने काय पाप केलं? दहावी पास झाला म्हणून त्याला अरबी-इंग्रजी करार वाचता येतो असं सरकारने कुठून ठरवलं? माझं म्हणणं आहे की या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या प्रत्येकाचा करार नोंदला गेला पाहिजे. त्रास होईल, दोन दिवस जास्त लागतील, लागू देत.

अपवादांबद्दल लिहितो म्हटलं होतं. जर्मनीने जून २०२४ पासून चान्सनकार्ट सुरू केलं, त्यात नोकरी हातात नसताना एक वर्ष जाऊन शोधता येते, आठवड्याला २० तास पार्टटाइम काम करता येतं. पदवी किंवा किमान दोन वर्षांचा सरकारमान्य व्यावसायिक कोर्स लागतो, भाषेच्या पातळ्या ए-१ पासून वर चढत जातात, त्यात जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ लागतं, आणि वय, अनुभव, भाषा यांचे मिळून सहा पॉइंट. खात्यात खर्चाचे पैसे दाखवावे लागतात, २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे साधारण १३ हजार युरो, हे कमी नाहीत, पण ते तुमचेच राहतात, तिथे जाऊन तुम्हीच खर्च करता. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांना द्यायच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजार करायचं जाहीर केलं. ज्याचा व्हिसा त्याच्याच हातात असा हा रस्ता आहे, त्याला वेळ लागतो, भाषा शिकावी लागते, नुसत्या ए-१ वर जाऊन चांगली नोकरी मिळेल असं मी कोणाला सांगणार नाही. पण जे दहा लाख एजंटला जातात त्यातल्या थोड्या पैशात माणूस बी-१ पर्यंत जर्मन शिकतो, आणि ते शिक्षण व्हिसा नाकारला म्हणून परत जात नाही. आपल्या युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीत जर्मनचा विभाग आहे. टेक्नॉलॉजी फॅकल्टीतली किती मुलं तिकडे फिरकतात? दोन्ही फॅकल्टी एकाच शहरात आहेत आणि मधल्या चौकात एजंटांचे बोर्ड.

समोरून लोक म्हणतात की एजंट नसतील तर साध्या माणसाने करायचं काय, त्याला इंग्रजी फॉर्म कळत नाही, ऑनलाइन पेमेंट जमत नाही, नोकरीवरून सुट्टी मिळत नाही. हे म्हणणं मला पूर्ण पटतं. प्रामाणिक कन्सल्टंट पण आहेत, फॉर्म भरून द्यायचे वाजवी पैसे घेतात, नाही होणार तर तोंडावर नाही म्हणून सांगतात, त्यांच्या मेहनतीला पैसे मिळालेच पाहिजेत. पण ते फॉर्म भरायचे पैसे झाले. कुठला व्हिसा आपल्याला लागू पडतो, कंपनी खरी आहे का, अटी काय आहेत, ही माहिती प्रत्येक देशाच्या सरकारने स्वतः फुकट मांडून ठेवली आहे, ती इंग्रजीत आहे आणि आपल्या माणसापर्यंत पोचत नाही, एवढ्या एका अंतरावर हा सगळा धंदा उभा आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान तिथे बेकायदेशीर गेलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात ३३ गुजरातचे होते. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचाचं चार जणांचं कुटुंब कॅनडातून अमेरिकेत शिरताना सीमेवर बर्फात गारठून मेलं, त्यात दोन लहान मुलं. सगळेच माहिती नव्हती म्हणून गेले असं नाही, पण सरळ रस्ता आपल्यासाठी आहे का नाही हे कोणी शांतपणे बसवून सांगितलं असतं तर काही जण तरी थांबले असते असं मला वाटतं, आणि नाही असेल तर नाही हे सांगणारा माणूस ज्याचा धंदा 'हो' वर चालतो तो कधीच नसणार.

मग कोणी सांगायचं? बडोद्याला हे विचारावं लागतं याचंच वाईट वाटतं. १९१३ मध्ये याच संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया युनिव्हर्सिटीत पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, सगळं लेखी. (परत आल्यावर याच शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही, ते पण विसरून चालणार नाही.) त्याच सुमाराला, १९१० मध्ये, सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावून गावोगाव फुकट वाचनालयं उभी केली, कारण माहिती विकत घ्यायला लागू नये हे त्यांना कळत होतं. मांडवीची सेंट्रल लायब्ररी त्यातलीच.

माझी दुसरी मागणी तिथूनच सुरू होते. सेंट्रल लायब्ररीत एक टेबल हवं, दुसरं तरसालीच्या आयटीआयमध्ये, तिसरं युनिव्हर्सिटीत. काम एवढंच की आलेल्या माणसाची ऑफर ई-मायग्रेटवर, यूकेच्या स्पॉन्सर यादीत, कॅनडाच्या लायसन्सधारक कन्सल्टंटांच्या रजिस्टरमध्ये तपासून द्यायची, करार त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, नोकरी गेली तर किती दिवस आहेत ते सांगायचं, आणि परराष्ट्र मंत्रालयाची १८००-११-३०९० ही फुकट हेल्पलाइन लावून द्यायची. व्हिसा काढून द्यायचा नाही, नोकरी शोधून द्यायची नाही, म्हणजे कोणाचा धंदा बुडत नाही. आपल्या मराठी मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून किंवा देणग्यांतून पहिल्या वर्षाचा खर्च उचलावा, गल्फमधून आणि कारखान्यांतून रिटायर झालेले, असे करार वाचलेले काका आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांना बसवावं. महापालिकेने जागा आणि इंटरनेट द्यावं. आणि हे शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी चालू असलं पाहिजे, कारण मकरपुऱ्यातल्या फिटरला मंगळवारी दुपारी अकरा ते पाच जमत नाही.